सॅन डिएगो झू : उतार पायांनी, चढ गाडीने

एसटीच्या कराड आगारात मी ३१ वर्षं ड्रायव्हर होतो. त्यातली निम्म्याहून जास्त कराड-चिपळूणवर, म्हणजे कुंभार्ली घाटात. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी प्राण्यांइतकंच चढ-उतारांबद्दल बोलणार आहे, तेव्हा वाघ-सिंह सोडून म्हातारा घाटाचं काय लावून बसलाय असं कुणी म्हणू नये.

लेक अमेरिकेत सॅन डिएगोला असते. २०२५ च्या पावसाळ्यात आम्ही नवरा-बायको तिच्याकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलो. कोल्हापूरला जाऊन आलं की जो तो विचारतो ना, अंबाबाईचं दर्शन झालं का, तसं तिथे जो भेटेल तो विचारायचा, झू पाहिला का? लेकीच्या शेजारच्या मेक्सिकन आजीबाईंनीसुद्धा खुणेने विचारलं. शेवटी ऑक्टोबरात गेलो. ऑक्टोबरच का, तर त्या महिनाभर ११ वर्षांपर्यंतच्या पोरांना तिकीट नसतं आणि आमचा नातू ७ वर्षांचा. मोठ्यांना मात्र माणशी ७० डॉलरच्या वर पडतात. मी मनातल्या मनात गुणाकार सुरू केलेला लेकीने तोंडावरून ओळखला. म्हणाली, "बाबा, गुणू नका. गुणलं की मजा जाते." तोवर सहा हजारांच्या पुढे गेलो होतो.

पैसे वसूल झाले का? झाले. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा माझ्या गुडघ्यांनी कापला, तो का ते येईलच.

जागा १०० एकर. आकड्याने दबून जायचं कारण नाही, आपलं कात्रजचं १३० एकर आहे, त्यात तलाव धरून. पण कात्रजला आपण बऱ्यापैकी सपाटीवर फिरतो. हा झू बाल्बोआ पार्क नावाच्या मोठ्या बागेच्या एका अंगाला आहे आणि त्याच्या पोटात दऱ्या आहेत. वर माळ, मध्ये दरी, पलीकडे पुन्हा माळ. नकाशा हातात दिला की सगळं चपटं दिसतं आणि माणूस फसतो. मी तर घाटातला माणूस, मी फसायला नको होतो. पण फसलो, आणि तेही नवे बूट घालून. निघायच्या आधी कराडात एका दुकानात घेतले होते. दुकानदार म्हणाला होता, "काका, हे घालून पंढरीला चालत जाल." पंढरी राहू द्या, दुपारी एकपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. नवे बूट घालून जाऊ नका, इतकंच.

दारात एक भलामोठा ब्राँझचा सिंह झेप घेतलेला आहे. त्याचं नाव रेक्स. त्याची गोष्ट लेकीने रांगेत उभ्या उभ्या सांगितली. १९१५ साली या बागेत मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यासाठी आणलेले काही प्राणी प्रदर्शनानंतर तिथेच पिंजऱ्यांत पडून राहिले. १९१६ मध्ये हॅरी वेजफोर्थ नावाचे डॉक्टर भावाबरोबर मोटारीतून तिथून जात होते, त्यांना त्या सिंहाची डरकाळी ऐकू आली. गावाला एक झू असता तर काय बहार आली असती, असं ते भावाला म्हणाले आणि खरंच कामाला लागले. मला त्याच्याहून आवडली ती बेल बेंचली या बाईंची गोष्ट. १९२५ मध्ये हिशेब लिहायला म्हणून लागल्या आणि दोन वर्षांत अख्खा झू चालवायला लागल्या, तो थेट १९५३ पर्यंत. आमच्या आगारातही हिशेबाच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंनाच कुठली गाडी कुठे अडकलीय ते सगळ्यांच्या आधी ठाऊक असायचं. चार्ज मात्र त्यांना कधी कुणी दिला नाही.

आत गेल्यावर पहिलं काम, बस. ही तिकिटातच असते. डबल डेकर, वरचा मजला उघडा, सुमारे ३५ मिनिटांची फेरी. सकाळी ९ ला दार उघडल्याबरोबर गेलो तर पहिल्याच गाडीत वर जागा मिळाली. बाकी सगळे जिराफ बघत होते. मी पायऱ्यांशेजारची सीट धरली आणि ड्रायव्हरकडे कान लावला.

तीस-पस्तिशीची पोरगी होती. खाली स्टेअरिंगवर ती, आणि कानाजवळच्या माइकमधून सगळी माहितीही तीच सांगणार. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे पाटी असायची, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. इथे चालकच अखंड बोलतोय! आधी मला धडकी भरली. रस्ता अरुंद, एका बाजूला दरी, वळणावर झाडाच्या फांद्या वरच्या मजल्याला घासून जातात. पण दोन वळणं झाल्यावर मी पाय सैल सोडले. उतारावर लागायच्या आधीच गाडी हळू करत होती, ब्रेकवर नाचत नव्हती. वळणात शिरताना मात्र बोलणं थांबवायची. वाक्य अर्धं सोडायची, गाडी सरळ झाली की पुढचं अर्धं. हे तिला कुणी शिकवलं असेल किंवा घाटाने शिकवलं असेल. कंडक्टर नसताना दोन्ही कामं करून तिने प्रवाशांना एकही गचका दिला नाही. उतरताना मी नातवाला म्हटलं, सांग तिला, आबा ३१ वर्षं घाटात गाडी चालवायचे. त्याने सांगितलं. ती सीटवरून उठून उभी राहिली आणि हात पुढे केला. हात माझ्यासारखाच, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा.

या फेरीत प्राणी धावते दिसतात, फोटो हलतात. तिचा उपयोग वेगळाच. कुठे काय आहे, कुठला रस्ता कुठे बुडतो आणि कुठे वर येतो, ते कळतं. घाटात नवा ड्रायव्हर देताना आधी एक फेरी जुन्याच्या शेजारी बसवतात, तशी ही.

तिथून ओरांगउटानांकडे, म्हणजे तांबूस केसांच्या मोठ्या वानरांकडे. या एका ठिकाणी आम्ही पाऊण तास होतो, ही रागावली तरी. मोठं आवार, पुढे जाड काच. आत त्यांच्याबरोबर सियामांग जातीचे काळे गिबनही असतात, ते दोरांवरून उलटेपालटे होत असतात. ओरांगउटानांना मात्र कसली घाई नाही. एक मादी गोणपाट घेऊन आली. आपलं बटाट्याचं पोतं असतं तसंच. ते तिने आधी झटकलं. मग डोक्यावरून घेतलं, दोन टोकं हनुवटीखाली धरली आणि काचेला पाठ टेकून बसली. पाऊस नाही, ऊन नाही. शेतावरच्या बायका खोळ घेतात तशी. थोड्या वेळाने तिने पोत्याची कड उचलून मागे बघितलं, आमच्या हिच्याकडे. हिने सवयीने पदर डोक्यावरून पुढे ओढला. दोघी तशाच काही वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या. मी फोटो काढायला मोबाइल शोधेपर्यंत ती उठून गेली होती.

तिथे उभे असलेले एक पांढऱ्या दाढीचे स्वयंसेवक दोन गोष्टी सांगत होते, लेक मला मराठीत सांगत होती. पहिली केन ॲलनची. १९८५ च्या उन्हाळ्यात हा ओरांगउटान आवारातून तीनदा बाहेर पडला. कुणाला बोटही लावलं नाही. लोकांमधून आरामात फिरत इतर प्राणी बघायचा, म्हणजे आपण ७० डॉलर देऊन करतो ते. तो बाहेर कसा येतो ते कळेना, म्हणून कर्मचारी पर्यटकांसारखे कपडे घालून पाळत ठेवायचे, तर हा पठ्ठ्या त्यांनाही ओळखायचा. शेवटी डोंगर चढणारे गिर्यारोहक बोलावले आणि भिंतीत बोटं रुततील अशा जागा शोधून बुजवून घेतल्या. लहानपणी म्हणे खोलीतले बोल्ट खोलून रात्री फिरायचा आणि सकाळी पुन्हा लावून ठेवायचा. असला मेकॅनिक आमच्या वर्कशॉपला हवा होता.

दुसरी गोष्ट कॅरेन नावाच्या मादीची. ती दोन वर्षांची असताना तिच्या हृदयात छिद्र सापडलं. १९९४ मध्ये तिच्यावर ओपन हार्ट सर्जरी झाली, ओरांगउटानावर झालेली जगातली पहिली. हे ऐकून माझा हात आपोआप शर्टाच्या दुसऱ्या गुंडीवर गेला. माझी बायपास २०१६ ची. मला शिंक आली की अजून टाके ओढतात. पोतंवाली ती कॅरेनच होती का, हे विचारायचं भानच राहिलं नाही.

वाघ, हिप्पो, गोरिला हे सगळं पाहिलं, छान आहे, लिहीत बसत नाही. वाघ मलायाचा, आपल्याकडच्या वाघापेक्षा अंगाने लहान. नातवाने विचारलं, "आबा, तुमच्या घाटात वाघ आहेत?" कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्रीचा व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला, घाट त्याच्या कुशीतच. पण ३१ वर्षांत मला एकही दिसला नाही. गवे पाहिले. रात्रीच्या गाडीला हेडलाइटमध्ये रस्ता अडवून उभे, हॉर्नला भीक घालत नाहीत. गव्याचं ऐकून पोरगा वाघ विसरला.

मग खाली उतरत उतरत पांडांकडे. सगळं गाव यांच्यासाठीच येतं. युन चुआन नर, शिन बाओ मादी. २०२४ च्या जूनमध्ये चीनमधून आले, ऑगस्टमध्ये लोकांना दाखवायला सुरुवात झाली. आम्हाला रांगेत ४० मिनिटं लागली. रांगेला सावली होती आणि माणसं शिस्तीची, त्यामुळे जड गेली नाहीत. आमच्या हिला आवडलं ते निराळंच. युन चुआनची आई झेन झेन याच झूमध्ये २००७ मध्ये जन्मली आणि पुढे चीनला गेली. तिचा मुलगा आता इथे आला. ही लगेच म्हणाली, "म्हणजे आजोळी आला की तो!" रांगेतल्या अर्ध्या तासात मिळालेल्या सगळ्या माहितीत नातवाने एवढंच लक्षात ठेवलं. त्याचं आजोळ कराड. तो येतो तेव्हा हातात ऊस देऊन अंगणात बसवतो त्याला.

आणि पांडा बसला होता तोही अगदी तसाच. पाय पुढे पसरून, पोट सैल सोडून, दोन्ही हातांत बांबू. कांडं तोंडात आडवं धरून कडेने साल सोलायचा, मान एका बाजूला ओढून. सालपटं पोटावर पडत होती. मधला गर कडाकडा चावायचा, तो आवाज काचेतून नाही पण उघड्या बाजूने येत होता. ऊस खाणारा माणूस चोथा थुंकतो, हा गिळतो, फरक एवढाच. मनगटाचं एक हाड वाढून त्याला अंगठ्यासारखं झालेलं असतं, त्याने पकड येते. पोट मात्र मांसाहारी प्राण्याचं, बांबू नीट पचत नाही, म्हणून दिवसभर खातच बसावं लागतं. दहा मिनिटांत त्याने तीन कांडी संपवली. शिन बाओने आम्हाला पाठ दाखवली, झोपली होती.

इथे आमचं जेवण झालं. घरचं खाणं आत नेता येतं, काचेच्या बाटल्या तेवढ्या चालत नाहीत. हिने धपाटे आणि दह्यातली चटणी आणली होती. एका बाकावर बसून खाल्लं. एक मोर शेजारी येऊन उभा राहिला. तो आपल्याकडचा असल्यासारखा ही त्याला ओरडली, "चल, हाड!" मराठीत गेला.

आता चूक सांगतो. जेवण झाल्यावर लेक म्हणाली, थांबू या, वर जाणारी काही सोय बघू. मी म्हटलं, "हा कसला चढ, हा तर आमच्या हेळवाकच्या पुलाएवढाही नाही." आणि निघालो. चढ फार नव्हता, पण संपत नव्हता. एक वळण, पुढे दुसरं, वर ऊन. निम्म्यात ही कठड्यावर बसली आणि म्हणाली, "अहो, कुंभार्ली तुम्ही कधी पायी चढला होता का?" नव्हतो चढलो. एक्सलरेटर दाबायचो, चढ गाडी चढायची. एवढ्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. साठीच्या पुढच्यांना माझं एकच सांगणं, इथे उतार पायांनी उतरा आणि चढ गाडीने चढा. चढायची वेळ आली की बस पकडा, नाहीतर वरून तारेवर जाणारी डब्यांची तारगाडी धरा, स्कायफारी म्हणतात तिला. दोन्ही तिकिटात आहेत, त्यांचा उपयोग करायला लाजू नका. व्हीलचेअरही भाड्याने मिळते.

पलीकडच्या माळावर पोचलो तेव्हा बाकीचे कोआला बघायला गेले. ऑस्ट्रेलियाबाहेर कोआलांचा सगळ्यात मोठा गोतावळा इथे आहे. पण ते दिवसाचे वीसेक तास झोपतात. निलगिरीच्या फांदीच्या बेचक्यात लोकरीचे गोळे. पाच मिनिटांत काम संपतं. मी बूट काढून बाकावर बसलो होतो, तिथून चार पावलांवर कंडॉरची मोठी जाळी.

हा गिधाडाच्या जातीतला. काळा, डोकं बोडकं नारिंगी, पंख पसरले की साडेनऊ फूट. दिसायला कुरूप, लोक दोन सेकंद थांबून पुढे जात होते. १९८७ मध्ये जंगलातले शेवटचे कॅलिफोर्निया कंडॉर पकडून आणले, तेव्हा जगात सगळे मिळून २७ उरले होते. ही जात वाचवण्यात या झूचा आणि लॉस एंजलिसच्या झूचा मोठा हात. बंदिस्त जागेत पहिलं पिल्लू १९८३ मध्ये इथेच अंड्यातून बाहेर आलं. पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून कंडॉरच्या डोक्याची बाहुली हातात घालून भरवायचे. आज ते पाचशेच्या वर आहेत, त्यांतले कित्येक पुन्हा मोकळ्या आभाळात. त्यांना मुख्य मारलं शिशाने. शिकाऱ्याने मारून टाकलेल्या जनावरात गोळीचे तुकडे राहायचे, ते पोटात जायचे.

माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. घाटात नोकरीला लागलो तेव्हा सकाळच्या गाडीला कड्यावर पंख वाळवत बसलेली दिसायची. मग कधी दिसेनाशी झाली ते कळलंही नाही. कोण मोजतंय गिधाडं! पुढे पेपरात कारण वाचलं, जनावरांचं दुखणं कमी व्हायला द्यायचे ते डायक्लोफेनॅक. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याचे मूत्रपिंड जातात. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तोवर शंभरातली पंचाण्णव संपली होती. आमच्या गोठ्यातही ती इंजेक्शनं टोचून घेतलेली आहेत, मी स्वतः गाय धरून उभा होतो. त्या जाळीपुढे मी एकटाच किती वेळ बसलो ते माहीत नाही. कंडॉरने एकदा पंख उघडले, सकाळच्या उन्हात कड्यावर उघडायचे तसेच, आणि मिटले.

परतीला मी शहाणा झालो होतो. स्कायफारी १९६९ सालची आहे, छोट्या डब्यात चार माणसं. हिने आधी नाही म्हटलं, मग डोळे मिटून बसली आणि अर्ध्यावर उघडले. खाली सगळी झाडंच झाडं, मघाशी जीव काढणारी दरी हिरव्या खड्ड्यासारखी. विमानतळ अगदी जवळ असल्यामुळे उतरणारी विमानं खिडक्या दिसतील इतक्या खालून जातात. डबा हलतो का? किंचित.

पलीकडे उतरलं की प्रवेशद्वार जवळच आणि तिथेच गॅलापागोसची कासवं. पाटासारखी नव्हे, डायनिंग टेबलासारखी. इथून दिएगो नावाचा एक नर १९७०च्या दशकात परत गॅलापागोसला पाठवला होता, कारण त्याच्या बेटावर त्याच्या जातीची जेमतेम १४ कासवं उरली होती. एवढ्या लांबची बदली झाली, तरी गडी कामाला लागला आणि आठशेच्या आसपास पोरांचा बाप झाला. २०२० मध्ये त्याला रिटायर करून घरच्या बेटावर सोडलं. सगळ्यात म्हातारी इथे ग्रामा, जवळजवळ १०० वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या झूमधून आलेली. त्या कासवांपुढे आम्ही शेवटचा अर्धा तास काढला, मी अनवाणी, बूट हातात.

नोव्हेंबरात लेकीने बातमी वाचून दाखवली, ग्रामा गेली, वय अंदाजे १४१. चहाचे कप तसेच राहिले. मग ही म्हणाली, "एवढ्या वर्षांत एकदाही खाली दरीत उतरली नसेल का ओ?"

म्हटलं, "शहाणी होती."